पिंपरीच्या मातीतला जिवाणू

आपल्या पिंपरीच्या एचए कंपनीत, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, 1961 साली हॅमायसिन सापडलं. बुरशीवरचं हे औषध तयार करणारा जिवाणू इथल्याच मातीतला, म्हणून त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना! मला याचा फार अभिमान वाटतो.

याच कुळातल्या दुसऱ्या जिवाणूंनी कर्करोगावरचं औषधही दिलंय: ॲक्टिनोमायसिन डी. दोन पेप्टाइड कड्यांचा हा लालसर रेणू जंतू मारतोच, शिवाय कर्कपेशीच्या डीएनएत घुसून तिचं काम थांबवतो. लहान मुलांच्या किडनीच्या कर्करोगात, विल्म्स ट्यूमरमध्ये, तो आजही वापरतात.

दूध आंबवणाऱ्या जिवाणूचं निसिन हे पेप्टाइड मात्र कर्कपेशीवर वेगळ्या तऱ्हेनं काम करतं. त्याच्यावर धन भार, कर्कपेशीच्या आवरणावर ऋण भार जास्त. म्हणून ते तिथे चिकटतं. पण कर्करोगावर निसिन वापरण्याचे प्रयोग अजून सुरुवातीच्या टप्प्यातच आहेत. त्यामुळे कुणाचे उपचार चालू असतील तर ते अर्धवट सोडू नका.