एक अमित, चार पत्ते!

तुमच्या ॲड्रेस बुकमध्ये किती अमित आहेत? जरा मोजून बघा. माझ्याकडे चार निघाले. 'अमित', 'अमित न्यू', 'अमित ऑफिस' आणि चौथा नुसताच ई-मेल आयडी. यातले तिघं म्हणजे माझा एकच कॉलेजचा मित्र. चौथा मात्र क्लायंट! मेल लिहिताना 'अमि' टाइप केलं की चौघंही रांगेत उभे. गोव्याचा प्लॅन क्लायंटकडे गेला तर फार तर हसू होईल. पण कोटेशन भलतीकडे गेलं, तर बॉसपुढे उभं राहायचं कोणी?

हा गोतावळा आपणच वाढवतो. जॉब बदलला, फोन बदलला, की जुनी यादी नव्यात ओतून मोकळे! तोच माणूस एकीकडे शून्याने सुरू होतो, दुसरीकडे +९१ ने. इथे नाव देवनागरीत, तिथे इंग्रजीत. आपल्याला कळतं, पण प्रोग्रॅमला दरवेळी कळेलच असं नाही.

आणि हे काम 'बघू नंतर' म्हणून ठेवण्यासारखं नाही. माझ्या एका मैत्रिणीची नोकरी गेली, त्याच दुपारी तिचं लॉगिन बंद झालं. क्लायंटची यादी कंपनीची, ती न्यायचीही नसते. पण मुलीच्या डॉक्टरांचा नंबर, घरमालकांचा आयडी, पहिल्या बॉसचा पत्ता, सगळं त्याच मेलबॉक्समध्ये अडकलं. आपली माणसं आपल्या खासगी अकाउंटमध्ये हवीत, आणि तीही नोकरी शाबूत असताना!

मग करायचं काय? सगळ्यात आधी बॅकअप. गूगल कॉन्टॅक्ट्समधून यादी एक्सपोर्ट करा. मुख्य फॉर्मॅट दोन. सीएसव्ही म्हणजे साधा तक्ता. व्हीकार्ड म्हणजे व्हिजिटिंग कार्डाचा कॉम्प्युटरवाला भाऊ; तो आयफोनपासून थंडरबर्डपर्यंत सगळीकडे चालतो.

इथे एक्सेलपासून सावध. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केलंत, की ९१ ने सुरू होणारा बारा आकडी नंबर '९.१९ई+११' असल्या अवतारात दिसू शकतो. अधिकचं चिन्हही गायब. तशीच फाइल सेव्ह केली की मागचे आकडे गेले ते गेलेच. म्हणून फाइल 'डेटा' मेनूतून आत घ्या आणि नंबरच्या कॉलमला 'टेक्स्ट' म्हणा. देवनागरी नावं असतील तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणूनच सेव्ह करा, नाहीतर आजीच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ!

आता इम्पोर्ट. गूगल प्रत्येक खेपेला तारखेचं लेबल लावतं. हे फार कामाचं आहे. घोळ झालाच तर त्या लेबलखालची अख्खी बॅच एका झटक्यात उडवता येते. जुन्या क्लासिक आउटलुकमध्ये मात्र तुम्हालाच विचारतात: डुप्लिकेट आले तर जुन्यावर नवीन लिहू, दोन्ही ठेवू, की नवीन घेऊच नको? आधीपासून टिक 'दोन्ही ठेवू'वर असते. न वाचता 'नेक्स्ट' दाबत गेलात, तर सगळी वरात दुप्पट!

शेवटी मर्ज. गूगलच्या 'मर्ज अँड फिक्स'मध्ये जोड्या तयार मिळतात आणि 'मर्ज ऑल'चं बटण भारी खुणावतं. बॉस, थांबा! नाव एक म्हणजे माणूस एक, असं आपल्याकडे कधी असतं का? प्रत्येक जोडी उघडा, नंबर आणि कंपनी बघा, मगच हो म्हणा. तरीही गडबड झालीच तर 'अनडू चेंजेस'ने गेल्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेची यादी परत आणता येते.

एक मात्र सांगते. यादी चाळताना काही नावांवर हात अडखळतो. वारलेल्या काकांचा नंबर, न बोललेल्या मैत्रिणीचा आयडी... ही नावं डुप्लिकेट नसतात. त्यांचं काय करायचं, हे कुठलंही बटण सांगणार नाही. मी काकांचा नंबर ठेवला. मैत्रिणीला मेल केला.