मधला हात

दिवाळीत बालाघाटच्या आमच्या घरी जेवणे आटोपली, की सतरंजीवर रमीचे दोन जोड पडतात. गोंदियाहून पाहुणे आलेले असतात. पैशांऐवजी चिंचोके मोजले जातात. भांडण मात्र पैशांचेच वाटावे इतके रंगते! त्याचे मूळ दरवर्षी एकच: पाने वाटून झाली, आता डाव सोडावा की खेळावा?

१०१ गुणांच्या रमीत पान न उचलता डाव सोडल्यास २० गुण चढतात, पुढे सोडल्यास ४०, आणि काहीच न जुळता दुसऱ्याची रमी लागली तर ८० पर्यंत. वाईट हात मुकाट्याने खाली ठेवला जातो. घात होतो तो मधल्या हाताने. एक जोकर, बदामाची सत्ती-नव्वी, किलवरचा एक्का-दुर्री, आणि बाकी राजे-राण्यांचा विस्कळीत दरबार! आमचे काका म्हणतात, "एक पान आले की झाले." पण ते पान कोणते? सत्ती-नव्वीला बदामाची अठ्ठीच हवी, आणि दोन जोडांत ती दोनच. एक्का-दुर्रीला किलवरची तिर्री, तीही दोनच. सत्ती-अठ्ठी असती, तर छक्की किंवा नव्वी मिळून एका जोडीलाच चार पाने चालली असती. आणि एक सिक्वेन्स तर जोकरावाचूनच व्हावा लागतो. अर्थात सोडणेही फुकट नाही: पाच वेळा सोडले की १०० गुण होतात, सहाव्यांदा ती सोय उरत नाही.

हा विचार करावा लागतो, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. तीन पत्तीला नव्हे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. १९५६ पर्यंत बालाघाटकरांचे अपीलही तेथेच जात असे!

गेल्या दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या भाच्याने ओमाहा नावाचा पोकरचा प्रकार शिकविला. हाती चार पाने, खाली उघडी पाच; हातातली नेमकी दोन व खालची तीन घेऊन हात जुळवावयाचा. जमलेल्यातला अर्धा वाटा सर्वांत वरचढ हाताला, अर्धा सर्वांत हलक्याला. हलक्यात अठ्ठीच्या वरचे पान चालत नाही, आणि एक्का सर्वांत लहान. काकांना वाटले, दोन्ही दारे आपल्यासाठीच उघडी आहेत. त्यांच्या हाती एक्का, दुर्री, नव्वी, राजा. एक्का-दुर्रीला हलका वाटा हमखास मिळेल, या भरवशावर ते शेवटपर्यंत बसले. बाकीची दोन पाने वरच्या वाट्याच्या कामाची नव्हतीच. उघडताना माझ्या पत्नीकडेही एक्का-दुर्रीच निघाली! तिघांनी बारा-बारा चिंचोके लावलेले, एकूण छत्तीस. भाच्याने वरचा वाटा म्हणून अठरा नेले. उरलेल्या अठरांतून काकांना नऊ मिळाले.

"म्हणजे मी जिंकलो ना?" काकांनी विचारले. पत्नी चिंचोके पुन्हा मोजीत होती.