घरी कन्सोल आलाय? पुण्याच्या ‘राजी’ला भेटा!

नवा कन्सोल टीव्हीला जोडला, की मनात येतंच: आता मुलं एकीकडे आणि बाकीचं घर दुसरीकडे, असं तर होणार नाही ना? आजी-आजोबांनाही सोबत बसवायचं असेल, तर ‘राजी’ लावून पाहा.

हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने बनवला. २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर, मग प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला. सर्कशीत कसरती करणारी राजी, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या गोलूला शोधायला निघते. तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून उलगडतात, तेव्हा कोकणातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आठवतात. पुराणातले संदर्भ आजीला विचारा!

गेम एकाने खेळायचा असला, तरी पाळी लावता येते. राजी हरली, की कंट्रोलर पुढच्याच्या हातात.

गेममध्ये मारामारी आहे, म्हणून आधी वयाचं रेटिंग बघा. रोजची वेळ मुलांशी बोलून ठरवा आणि कन्सोलच्या पालकांसाठीच्या सेटिंगमध्ये टाका. म्हणजे वेळ संपली, की रुसवा कन्सोलवर, तुमच्यावर नाही!