फाईल हलकी, भाडे भारी!
स्टेशनरी समुद्रमार्गे परदेशी पाठवण्याआधी करावयाचा हिशेब

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांना व कचेऱ्यांना फायली, रजिस्टर, पावती पुस्तके आणि छापील फॉर्म पुरवणारे आपले अनेक बांधव आहेत. पिंपळे सौदागर, रहाटणी, काळेवाडी, पिंपरी या भागांत कुणाची बाइंडिंगची मशीन आहे, कुणाचा छापखाना, तर कुणी पुण्याच्या बोहरी आळीतून माल उचलून पुढे पुरवठा करतो. आखातात नोकरी करणारा एखादा नातलग तिथल्या दुकानदाराची चौकशी घेऊन येतो : “हीच फाईल दुबईत पोहोचवून काय भावाने द्याल?” बहुतेक जण इथल्या भावावर थोडे भाडे चढवून आकडा सांगून टाकतात. नुकसानीची सुरुवात नेमकी तिथे होते.

महाराष्ट्राला हा धंदा नवा नाही. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे नाव घरोघरी पोहोचले. मुंबईचीच नवनीत कंपनी वह्या परदेशी पाठवते. आपल्या भागाला तर बंदरही दूर नाही. 1989 साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर एक्स्प्रेस वेने काही तासांवर आहे. अडचण अंतराची नाही, मोजमापाची आहे.

घनमीटर आधी, भाव नंतर

थोडा माल असेल तर तो इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जातो. याला एलसीएल म्हणतात. त्याचे भाडे घनमीटरवर किंवा टनावर, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि त्याला 10 लाखांनी भागा. 60 × 40 × 30 चे खोके 0.072 घनमीटर भरते. अशी सुमारे 14 खोकी म्हणजे एक घनमीटर.

आता दोन वस्तूंची तुलना पाहू. ए-4 आकाराच्या, 60 जीएसएम कागदाच्या, 200 पानी वह्या एका घनमीटरात सुमारे 1,600 बसतात. पुठ्ठ्याच्या जाड लिव्हर फायली मात्र जेमतेम 120. घनमीटरमागे सर्व खर्च मिळून 8,000 रुपये आला असे केवळ हिशेबासाठी धरू. वहीमागे 5 रुपये पडतील, फाईलमागे सुमारे 67! वह्यांचे वजन सहाशे किलोच्या वर आणि फायलींचे साठ किलोच्या आसपास, तरी भाडे तेवढेच. कारण फाईलबरोबर आपण तिच्या पोटातली हवा परदेशी पाठवत असतो.

यावर उपाय आहेत. लिव्हर फाईलऐवजी एकावर एक सपाट बसणाऱ्या फायलींची मागणी घ्यावी. किंवा पुठ्ठा आणि लोखंडी यंत्रणा वेगवेगळी पाठवून जोडणी तिकडे करून घेता येईल का, हे खरेदीदाराला विचारावे. खोक्याचा आकार मालाप्रमाणे करून घ्यावा. मिळेल त्या खोक्यात माल कोंबू नये. स्टेपलरच्या पिना, क्लिपा अशा लोखंडी मालाचे मात्र उलटे होते. तो घनमीटरमागे एक टनाच्या वर जाऊ शकतो, मग भाडे वजनावर लागते.

पूर्ण कंटेनर केव्हा?

वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे 33 घनमीटर असते. प्रत्यक्षात 26 ते 28 घनमीटर माल बसतो. आपला माल 12-15 घनमीटरच्या पुढे जात असेल तर एलसीएल आणि पूर्ण कंटेनर, दोन्हींचे भाव मागवावेत. अर्धा रिकामा कंटेनरही कधी कधी स्वस्त पडतो. दोन-तीन व्यापाऱ्यांनी मिळून वह्या आणि फायली एकत्र पाठवल्या तर वजन आणि जागा दोन्ही कामी येतात. मात्र निर्यातदार कोण आणि पैसे कुणाच्या खात्यात येणार, हे आधी लेखी ठरवावे.

एजंटाकडून केवळ जहाजाचे भाडे विचारू नये. बंदरातील हाताळणी, गोदाम, कागदपत्रे, कस्टम क्लिअरन्स आणि पोहोचण्याच्या बंदरातील खर्च, यांची लेखी यादी घ्यावी. एलसीएलमध्ये भाडे नाममात्र सांगून तिकडच्या बंदरात खरेदीदाराकडून भरमसाट आकार घेतला जातो. मग तो दुसरी ऑर्डर देत नाही.

कागदाचा शत्रू पाणी

बंद कंटेनर दिवसा तापतो, रात्री थंड होतो आणि आतल्या बाष्पाचे थेंब छतावरून मालावर पडतात. कागद वाकतो, गोंद सुटतो. म्हणून खोकी पाच किंवा सात पदरी घ्यावीत, आत प्लास्टिकचे अस्तर द्यावे, कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगाव्यात. पावसाळ्यात भरणी उघड्यावर करू नये. लाकडी पॅलेट वापरल्यास ते उष्णता किंवा धुरी प्रक्रिया केलेले व तसा शिक्का असलेलेच हवे. नाहीतर परदेशात माल अडतो. खोडद्रव, थिनर, काही मार्कर ज्वलनशील असतात. ते स्टेशनरी म्हणून गुपचूप भरणे हा गुन्हा तर आहेच, जहाजावरील माणसांच्या जिवाशीही खेळ आहे.

कागदपत्रे आणि पैसा

निर्यातीसाठी आयईसी क्रमांक लागतो. तो डीजीएफटीकडे ऑनलाइन अर्ज करून मिळतो. जीएसटीमध्ये एलयूटी दिल्यास कर न भरता निर्यात करता येते. मालाचा कोड नीट लावावा : कागदी वह्या, रजिस्टर व पुठ्ठ्याच्या फायली 4820 मध्ये, प्लास्टिकचे कार्यालयीन सामान 3926 मध्ये, बॉलपेन 9608 मध्ये. संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे. त्याची सवलत हवी असेल तर त्या करारानुसार मूळ देशाचा दाखला काढावा लागतो. याउलट अमेरिकेने 2006 साली भारतातील आखीव वह्यांवर अँटी-डम्पिंग शुल्क लावले. म्हणून भाव देण्याआधी त्या देशातील आजचे शुल्क तपासलेच पाहिजे.

बिल ऑफ लेडिंगची मूळ प्रत ज्याच्या हाती, माल त्याचा. ती नातलगाच्या ओळखीवर पाठवू नये. काही रक्कम आगाऊ घ्यावी आणि उरलेली बँकेमार्फत, कागदपत्रांच्या बदल्यात. खरेदीदाराने पैसे बुडवण्याच्या धोक्यासाठी सरकारी ईसीजीसीचा विमा आहे.

मालाचाही विमा घ्यावा. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले होते. पुढे जहाजमालकाने ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केले. म्हणजे जहाज सोडवण्याच्या खर्चाचा वाटा सर्व मालधन्यांवर आला, ज्यांच्या खोक्याला ओरखडाही गेला नव्हता त्यांच्यावरसुद्धा. अशा वेळी हमी दिल्याशिवाय माल मिळत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. नसेल तर छोट्या व्यापाऱ्याला खिशातून अनामत भरावी लागते.

शेवटी एकच सांगणे. चौकशी आली की लगेच भाव सांगू नका. एक खोके भरा, मोजा, वजन करा. घनमीटरमागचा पूर्ण खर्च काढा आणि तो एका नगावर वाटा. त्या आकड्यात नफा उरत असेल तरच होकार द्या. तिजारतीत नकाराने एक ऑर्डर जाते. चुकीच्या होकाराने भांडवल जाते.