हॉटेलातला चहा आणि माणुसकीचा हक्क

महाडला 19 आणि 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तेव्हा आलेल्या हजारो लोकांसाठी पिण्याचे पाणी 40 रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. चवदार तळे जवळच होते, पण ते आपल्याला बंद होते. तळ्यावर जाऊन पाणी पिऊन लोक परतले आणि जेवायला बसले, तर मंडपावर हल्ला झाला. अन्न मातीत मिसळले गेले. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला गावच्या व्यापाऱ्यांनी माल देण्याचे नाकारले, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. यावरून एक गोष्ट लक्षात येते. अन्नपाण्याचा प्रश्न हा केवळ पोटाचा प्रश्न कधीच नव्हता.

म्हणूनच आज दोन हॉटेलांची हकीकत सांगावीशी वाटते. दोन्ही शहरे खाण्यासाठी नावाजलेली आहेत.

कोल्हापूरचा चहा

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराज परगावाहून परतल्यावर त्यांनी दोषींना शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांना स्वतंत्र धंदा करायला सांगून त्यांनी पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक हॉटेल’ उघडले.

हॉटेल निघाले, पण गिऱ्हाईक कुठले? अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक तयार नव्हते. तेव्हा महाराज स्वतः गाडी हॉटेलसमोर थांबवू लागले. ते चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजत. राजाच पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार! पुढे महाराजांनी सोडावॉटरचे यंत्रही घेऊन दिले. कायद्याने जे लवकर साधत नाही, ते एका कपाने साधले.

न्यू ऑर्लिन्सचा गम्बो

दुसरे हॉटेल सातासमुद्रापलीकडचे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर क्रिओल स्वयंपाकासाठी जगप्रसिद्ध आहे. फ्रेंच आणि स्पॅनिश लोकांच्या चवी आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हात, यांतून हा स्वयंपाक घडला. त्यातला ‘गम्बो’ आपल्या कोकणी गृहिणींना परका वाटणार नाही. कोळंबी, खेकडे, भेंडी घातलेला दाट रस्सा आणि भात!

त्या शहरात 1840 पासून चाललेले ‘अँटॉइन्स’सारखे नामांकित हॉटेल आहे. पण वर्णभेदाच्या काळात काळ्या माणसाने गोऱ्यांच्या हॉटेलात रांधायचे, वाढायचे, भांडी घासायची; बसून जेवायचे मात्र नाही. याच शहरात 1892 मध्ये होमर प्लेसी हे गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसले म्हणून अटक झाली. 1896 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ म्हणत भेदभावालाच मान्यता दिली.

अशा शहरात 1941 मध्ये डूकी चेस यांच्या काळ्या कुटुंबाने हॉटेल काढले. त्यांची सून लीआ चेस यांनी साध्या सँडविचच्या दुकानाचे रूपांतर टेबलावर स्वच्छ कापड अंथरलेल्या उत्तम हॉटेलात केले. आपल्या माणसांनाही मानाने बसून जेवता यावे, हा त्यांचा आग्रह होता. वरच्या मजल्यावर काळे-गोरे कार्यकर्ते एकत्र बसत. तसे बसणे तेव्हा कायद्याविरुद्ध होते! मार्टिन ल्यूथर किंगही तिथे आले. गम्बोच्या वाट्या रिकाम्या होत आणि लढ्याचे बेत ठरत. शेवटी 1964 च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांची दारे सर्वांना उघडली. 2005 च्या कॅटरिना वादळात हे हॉटेल पाण्याखाली गेले, पण लीआबाईंनी ऐंशी ओलांडलेल्या वयात ते पुन्हा उभे केले. 2019 मध्ये 96 व्या वर्षी त्या वारल्या, तोवर त्यांचे मन स्वयंपाकघरातच होते.

आपल्या हाती काय?

आपल्याला हा हक्क त्यांच्याआधी मिळाला. 26 जानेवारी 1950 पासून लागू झालेल्या संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकाने आणि विहिरी-तलावांबरोबर उपाहारगृहांचाही स्पष्ट उल्लेख आहे. तो उगाच नाही. वेगळी कपबशी, वरून ओतलेले पाणी, बाहेर उभे राहून घेतलेला चहा, हे आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे.

पण कायदा दार उघडतो, गल्ला भरत नाही. महामार्गावर महाड-पोलादपूर पट्ट्यात येणारी-जाणारी गिऱ्हाइके काही कमी नाहीत. आपल्यातल्या एखाद्या तरुणाने चहाची टपरी टाकली, एखाद्या भगिनीने पोळी-भाजी केंद्र काढले, तर शाहू महाराजांसारखी गाडी आपल्याकडे नसेल. पण तिथे बसून रोख पैसे देऊन चहा प्यायला काय हरकत आहे? बरोबर कचेरीतल्या, कारखान्यातल्या इतर समाजाच्या मित्रांनाही न्यावे. आणि हॉटेल चालवणाऱ्यानेही टेबल स्वच्छ, माप पुरे आणि वागणूक सर्वांशी सारखी ठेवावी. गंगाराम आणि लीआबाई दोघांचीही पुंजी तीच होती.