हळदीचं गाणं आणि रॉयल्टी

दिवाळे, घणसोली, सारसोळे या नवी मुंबईतल्या गावांत हळदीची रात्र गाण्याशिवाय सरत नाही. लग्नगीतं गाणाऱ्या धवलारणींचे धवले, म्हणजे ती गीतं, पिढीजात, त्यांवर कुणाची मालकी नाही. पण आज बँडवर वाजणारी नवी आगरी-कोळी गाणी कुणीतरी लिहिलेली असतात, आणि तो बहुधा एकरकमी बिदागी घेऊन मोकळा होतो.

इथेच थांबा. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. गाणं कंपनीला दिलं, तरी रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा सोडून देता येत नाही; तो फक्त कायदेशीर वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षांची धरतात. मृत्यूनंतरही हक्क 60 वर्षं टिकतो, म्हणजे नातवंडांपर्यंत. नोंदणी सक्तीची नाही. तरी तारखेसह पहिलं ध्वनिमुद्रण जपून ठेवा. ‘आपल्याच माणसाला’ गाणं देताना तर कागद हवाच, भांडणं तिथेच होतात. सार्वजनिक वादनाचे पैसे गोळा करणाऱ्या, 1969 पासूनच्या आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचे सभासद व्हा.

आणि हळदीच्या रात्रीही दहाला भोंगा बंद करावा लागतो. म्हणून आपलं नवं गाणं साडेनऊच्या आतच वाजवा.