मागच्या सीटवरचा पट्टा

4 सप्टेंबर 2022. अहमदाबादहून मुंबईकडे येणारी मोटार पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला धडकली. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे वाचले.

‘मागे कशाला हवा पट्टा?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. गणित मात्र सीट पाहत नाही. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी अचानक थांबली, तरी आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. तो आदळतो ते जवळपास 14 मीटरवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडल्यासारखा. शिवाय मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळतो, ते वेगळेच.

व्होल्व्होच्या नील्स बोहलिन यांनी 1959 मध्ये आणलेला तीन टोकांचा पट्टा हा धक्का छाती आणि कंबरेच्या मजबूत हाडांवर वाटून देतो. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नव्हे, कंबरेच्या हाडावर खाली बसायला हवा. गरोदर स्त्रियांनी तर हे आवर्जून पाहावे. हळू ओढला की पट्टा बाहेर येतो, झटका बसला की आतली यंत्रणा त्याला जखडते.

पट्टा न लावल्यास 1,000 रुपये दंड आहे. पण आपली चतुराई पाहा: पट्टा न लावल्यास वाजणारा गाडीचा इशारा गप्प करायला नुसत्या क्लिपा विकल्या जात होत्या! 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विक्रीतून काढायला लावल्या.